गावाकडची पडीक जमीन विकताय? आधी बांधावरचं निस्तरा

पुण्या-मुंबईत नोकरी, गावाकडं वडिलांच्या नावची दीड-दोन एकर पडीक, आणि आता ती विकायची आहे. अशा माणसाच्या डोक्यात आधी भाव येतो. एकरी किती मिळतील? माझ्या मते त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. गिऱ्हाईक जमीन बघायला येईल तेव्हा बांधावर कोण उभं असेल, आणि ते काय बोलेल?

जमीन आवडूनही व्यवहार फिसकटतो तो बऱ्याचदा तिथंच. गिऱ्हाईक गाडीतून उतरतं. शेजारचे तात्या हातातलं काम टाकून येतात. "कुठलं पाव्हणं?" म्हणून चौकशी करतात, चहाचा आग्रह करतात. आणि बोलता बोलता सहज सोडून देतात, "घ्या की, माती चांगलीय. तेवढं वाटंचं बघून घ्या फक्त." पाव्हणे परत जाताना एजंटला सांगतात, घरात बोलून कळवतो. ते काही कळवत नाहीत.

तात्या खोटं बोललेले नसतात, हे लक्षात घ्या. वाटेचा घोळ खरोखर असतो. तो तुम्ही आधी निस्तरलेला नसतो, एवढंच. शेजाऱ्याच्या तोंडाला कुलूप लावता येत नाही, पण त्याला बोलायला जागा किती ठेवायची हे तुमच्या हातात असतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठी आहेत. जमीन विकायची आहे हे गावात कुणालाही कळण्याआधी पहिल्या दोन उरका.

पहिली पायरी: घरी बसून कागद बघा

महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो. सोबत आठ-अ, म्हणजे तुमच्या खात्यावरच्या सगळ्या जमिनींचा उतारा काढा, आणि सातबाऱ्यावर ज्या ज्या फेरफारांचे (हक्क बदलल्याच्या नोंदींचे) नंबर दिसतात ते सगळे फेरफार काढा. गटाचा नकाशाही घ्या. मग शांतपणे वाचा. नवखा माणूस क्षेत्र आणि नाव बघून सातबारा मिटवतो. शेजारी मात्र 'इतर हक्क' हा रकाना तोंडपाठ करून बसलेला असतो. विहिरीतला हिस्सा, पाटाचं पाणी, जाण्या-येण्याची वाट, सोसायटीचा जुना बोजा, कुळाचं नाव, हे सगळं तिथं असतं. आजोबांच्या काळात फेडलेल्या कर्जाचा बोजा अजून उतरवलेला नसेल, तर तो सोसायटीचा किंवा बँकेचा दाखला देऊन कमी करून घ्या. किरकोळ काम आहे, पण गिऱ्हाइकाला घाबरवायला तेवढं पुरतं.

भोगवटादार वर्ग-१ आहे की वर्ग-२, तेही बघा. वर्ग-२ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विक्री होत नाही, आणि हे गावात सगळ्यांना माहीत असतं. वारसनोंद राहिली असेल तर आधी ती करा. वडील जाऊन काही वर्षं झाली आणि सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव आहे, बहिणींची नावं लागलेली नाहीत, अशा जमिनीच्या व्यवहारात शेजाऱ्याला फार काही करावं लागत नाही. तो फक्त तुमच्या बहिणीला फोन करतो.

दुसरी पायरी: शेजाऱ्याचा खरा हक्क किती, ते ठरवा

"शेजाऱ्याला विचारल्याशिवाय जमीन विकता येत नाही" असं गावात ठासून सांगितलं जातं. सरसकट तसा कायदा नाही. लगतचा खातेदार आहे एवढ्यावरून त्याचा खरेदीचा पहिला हक्क बनत नाही, आणि खरेदीखतावर त्याची संमती लागत नाही. पण काही ठिकाणी त्याच्या बोलण्यात तथ्य असू शकतं, आणि ती ठिकाणं ओळखता आली पाहिजेत.

शेजारी भावकीतला असेल तर बघा की तो नुसता भाऊबंद आहे की तुमच्यासोबतचा वारस. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम २२ नुसार वर्ग एकच्या वारसांना (मुलं, मुली, पत्नी, आई असे जवळचे वारस) मिळून मिळकत आली असेल, आणि त्यातल्या एकाला आपला हिस्सा विकायचा असेल, तर बाकीच्या वारसांना तो घेण्याचा अग्रहक्क असतो. शेतजमिनीलाही हे कलम लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे वाटप न झालेल्या जमिनीत सख्खा भाऊ आडवा आला, तर त्याला लुडबूड म्हणून उडवून लावता येणार नाही. त्याला लेखी विचारा, भाव सांगा, उत्तराला मुदत द्या. चुलत्याच्या नातवाला मात्र असा हक्क सहसा पोचत नाही, त्याचा आवाज कितीही मोठा असला तरी.

दुसरं ठिकाण तुकडेबंदीचं. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यात प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान क्षेत्रापेक्षा, लहान तुकडा लगतच्या खातेदारालाच देता येतो अशी तरतूद आहे. ऑगस्ट २०२३ पासून हे क्षेत्र साधारणपणे बागायतीसाठी १० गुंठे आणि जिरायतीसाठी २० गुंठे धरलं जातं. तुमची जमीन आठ गुंठे जिरायत असेल, तर शेजाऱ्याला आपली किंमत माहीत असते आणि तो पाडून मागतो. शहरालगतच्या भागांसाठी अलीकडे या नियमात सूट दिली गेली आहे, त्यामुळं तुमच्या गटाला आज काय लागू आहे ते दुय्यम निबंधक कार्यालयात विचारूनच पुढं जा. गावातल्या ऐकीव माहितीवर आठ गुंठे मातीमोल भावात देऊ नका.

तिसरं, वहिवाट. पडीक जमीन म्हणजे गावाला मोकळं मैदान. कुणी कडब्याची गंजी लावतो, कुणी उकिरडा करतो, कुणी दोन सरी पुढं सरकून बांध कोरतो. १२ वर्षं उघडपणे, मालकाचा हक्क झुगारून, अखंड ताबा ठेवला असेल तर प्रतिकूल ताब्याचा दावा उभा राहू शकतो. वाटेचा किंवा पाण्याचा वापर २० वर्षं निर्वेधपणे, हक्क म्हणून चालू असेल तर सुविधाधिकार, म्हणजे तो वापर पुढंही चालू ठेवण्याचा हक्क, मिळू शकतो. गंजी ठेवणारा प्रत्येक जण मालक होत नाही. तुमच्या परवानगीने केलेला वापर कितीही वर्षं चालला तरी तो प्रतिकूल ठरत नाही. म्हणून जमीन लगेच विकायची नसली तरी शेजाऱ्याकडून एक साधा कागद करून घ्यावा: 'गट नंबर अमुक मध्ये मी मालकाच्या परवानगीने वैरण ठेवतो, मागतील तेव्हा जागा मोकळी करून देईन.' खाली सही, दोन साक्षीदार. हा कागद नातं चांगलं असताना मागायचा असतो. विक्रीची बातमी फुटल्यावर मागितलात तर कुणी सही करत नाही.

जमीन कुणाला वाट्याने कसायला दिली असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय एक पाऊलही पुढं टाकू नका. "मी कूळ आहे" ही हरकत खरी ठरो वा खोटी, निकाल लागेपर्यंत गिऱ्हाईक थांबत नाही.

तिसरी पायरी: मोजणी

पैसा आणि वेळ कुठं घालायचा असेल तर इथं घाला. वकिलाची नोटीस, एजंटचं कमिशन, पंचांची बैठक, या सगळ्यांपेक्षा सरकारी मोजणीचा नकाशा जास्त काम करतो.

अर्ज तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयात करायचा. ई-मोजणीतून ऑनलाइनही भरता येतो. नियमित आणि द्रुतगती असे दोन प्रकार आहेत, द्रुतगतीची फी साधारण चौपट. विकायची घाई असेल तर ती भरलेली परवडते. अर्जात लगतच्या खातेदारांची नावं आणि पत्ते द्यावे लागतात, आणि नवखे लोक नेमके इथं चुकतात. पूर्वेकडचा खातेदार वारला असेल तर त्याच्या वारसांची नावं द्या. उत्तरेकडचा ठाण्याला राहत असेल तर ठाण्याचा पत्ता द्या. नोटीस नीट पोचली नाही, की मोजणीनंतर तोच माणूस "मला कळवलंच नाही" म्हणत उभा राहतो आणि सगळी मेहनत वाया जाते. नोटीस सरकारी जाते, तरीही स्वतः फोन करून तारीख सांगावी. त्यात कमीपणा नाही.

तारीख शक्यतो फेब्रुवारी ते मे या काळातली पडेल असं बघा. पावसाळ्यात शिवार चालण्याजोगं नसतं, आणि शेजारी उभा ऊस असेल तर हद्दीपर्यंत पोचणंच मुश्कील.

मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा. एजंटला पाठवू नका. भूकरमापक (मोजणी करणारे सरकारी कर्मचारी) रोव्हरची, म्हणजे उपग्रहाच्या मदतीने जागा मोजणाऱ्या यंत्राची, काठी घेऊन जुन्या खुणा शोधत फिरतात. कुठं दगड असतो, कुठं नसतोच. बांधावरची बाभळ हीच हद्द असं शेजारी सांगतो, आणि बाभळ नकाशात तीन-चार फूट आत निघते. मग फक्कीची पांढरी रेघ पडते आणि वातावरण तापतं. अशा वेळी तुम्ही काही बोलायचं नाही. "ही माझी जागा, इतकी वर्षं खाल्लीस" हे वाक्य तोंडातून निघालं की तुमचा माणूस गेला, आणि तो तुमचा पुढचा संभाव्य गिऱ्हाईक असू शकतो. नकाशा बोलतोय, त्याला बोलू द्या. शेजाऱ्याला म्हणा, "तात्या, तुम्हीपण बघा, साहेबांना काय विचारायचं ते आत्ताच विचारा." त्याने विचारलं तर चांगलंच. हद्दीच्या खुणा दाखवून झाल्या की त्याच दिवशी तिथं दगड किंवा सिमेंटचे पोल रोवून घ्या, फोटो काढा. फक्की एका पावसात जाते, आणि त्याआधी कुणीतरी पायाने पुसतोच.

सगळे हजर असताना जबाब आणि पंचनामा होतो. शेजाऱ्याने सही नाकारली तर नाकारू द्या, तसं त्यात नोंदवलं जातं. नंतर 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा मिळतो. ताब्याची हद्द आणि नकाशाप्रमाणे हद्द यांत फरक असेल तर तो त्यात दिसतो. एक गोष्ट मात्र मनाशी पक्की ठेवा. मोजणीवाले अतिक्रमण दाखवतात, काढून देत नाहीत. शेजाऱ्याला मोजणी मान्य नसेल तर तो निमताना मोजणी (वरच्या अधिकाऱ्यामार्फत फेरमोजणी) मागू शकतो, तो त्याचा अधिकार आहे. कब्जा परत मिळवायचा तर महसूल अधिकाऱ्यांकडे किंवा दिवाणी न्यायालयात जावं लागतं.

आणि मग हिशेब करायचा. दीड एकरातल्या, म्हणजे साठ गुंठ्यांतल्या, दोन गुंठ्यांच्या कब्जासाठी दावा लावला तर उरलेले अठ्ठावन्न गुंठे तो संपेपर्यंत अडकतात. माझं मत विचाराल तर अशा वेळी नकाशावर जे प्रत्यक्ष ताब्यात आहे तेवढंच गिऱ्हाइकाला दाखवावं, किंमत तेवढ्याचीच घ्यावी, आणि खाल्लेल्या दोन गुंठ्यांचं खरेदीखत त्याच शेजाऱ्याला करून देता येतं का ते बघावं. इतकी वर्षं खाल्लंय म्हणून चिडून चालत नाही. ज्यांना तत्त्वासाठी लढायचं आहे त्यांनी लढावं, पण मग "जमीन विकायची आहे" असं म्हणू नये.

वाटेचं काय?

शेजाऱ्याच्या हातातलं सगळ्यात धारदार हत्यार हेच. पूर्वापार वाट होती आणि त्याने ती आता काटेरी फांद्या टाकून, नांगरून किंवा चर खणून बंद केली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. अडथळा झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत जायचं. शहरात राहणाऱ्यांची ही मुदत सर्रास चुकते, कारण वाट मोडली हे त्यांना दिवाळीला गावी गेल्यावर कळतं. गावात एखाद्या मित्राला महिन्यातून एकदा शेतावर चक्कर टाकायला सांगून ठेवा, फोटो मागवा.

वाट कधीच नसेल तर प्रकरण वेगळं. मग महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागायचा. तहसीलदार गरज किती आणि शेजाऱ्याचं नुकसान किती हे दोन्ही तोलून निर्णय देतात, त्यामुळं सर्वांत जवळचा रस्ता मिळेलच असं नाही. कुणाचं कमीत कमी नुकसान होईल असा रस्ता सुचवून अर्ज केला तर गाडी लवकर पुढं सरकते. निकाल लागला की रस्त्याची नोंद 'इतर हक्कात' झाली का तेही बघा, तोंडी समझोत्याला गिऱ्हाईक पैसे मोजत नाही. सामोपचाराने वाट मिळत असेल तर तीसुद्धा नोंदणीकृत दस्तानेच घ्या.

शेजाऱ्याला सांगायचं कधी आणि कसं

कागद हातात, मोजणी झालेली. आता त्याच्याकडे जा, आणि ओसरीवर बसून बोला. एजंटच्या तोंडून त्याला कळू देऊ नका. शेजाऱ्याचा निम्मा राग हा "आम्हाला विचारलंसुद्धा नाही" एवढाच असतो. "काका, आम्ही ही जमीन काढतोय. तुम्हाला घ्यायची असेल तर पहिलं तुम्हाला सांगतोय." एवढं म्हटलं तरी पुढचं बरंच टळतं.

पण हे बोलताना भाव आणि मुदत दोन्ही सांगा. "बघू, दिवाळीनंतर बोलू" हे उत्तर नव्हे. महिनाभराची मुदत देऊन तेच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा, म्हणजे उद्या तो "मला देतो म्हणाले होते" असं गावभर सांगायला लागला तर दाखवायला काही असेल. तोंडी व्यवहारापोटी इसार म्हणून पाच-दहा हजार रुपये तर मुळीच घेऊ नका. इसार घेतला, की तो जमीन घेतही नाही आणि दुसऱ्याला घेऊही देत नाही.

तो खरोखर घेणार असेल तर त्याला बाजारभावापेक्षा थोडं कमी लावायला हरकत नाही. वाटेचं भांडण नाही, हद्दीचं भांडण नाही, शेतकरी असल्याचा पुरावा आहेच, ताबा सोपा. या सगळ्याला पैशात किंमत आहे. पण 'थोडं' म्हणजे थोडंच. निम्म्या भावात मागणाऱ्याला हसून नाही म्हणा आणि उठा.

गिऱ्हाईक आणताना

शेजाऱ्याबद्दलचं सगळं गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत तुम्हीच सांगा. "वाटेवरून कुरबुर होती, हा तहसीलदारांचा आदेश. पूर्वेचा बांध असा आहे, ही 'क' प्रत." हे त्याने तुमच्याकडून ऐकलेलं असलं, की बांधावर तात्यांनी काहीही सोडलं तरी त्याला नवं वाटत नाही. शेतावर नेताना फाईल सोबत ठेवा. आणि शेजाऱ्याला टाळून आडवाटेने नेऊ नका. उलट ओळख करून द्या. लपवाछपवी दिसली की गिऱ्हाईक पळतं.

खरेदीदार शेतकरी आहे का, हे एजंटच्या शब्दावर न सोडता त्याचा सातबारा बघून खात्री करा. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला परवानगीविना विकली तर कूळकायद्याचा प्रश्न उभा राहतो, आणि नेमकी ती तक्रार करायला शेजारी टपलेला असतो.

गिऱ्हाइकाचा वकील जाहीर नोटीस देईल, वर्तमानपत्रात, ठरावीक दिवसांत हरकती मागवून. ती नीट वाचा, गट नंबर आणि चतुःसीमा बरोबर छापल्यात का बघा. हरकत आलीच तर तिच्यात पुरावा काय जोडला आहे ते मागा. कागद न जोडता नुसतं "आमचा हक्क आहे" असं असेल तर वकिलामार्फत उत्तर देऊन पुढं जाता येतं. शेजारी दावा लावून मनाई हुकूम मिळवेल अशी धास्ती असेल तर आधीच दिवाणी न्यायालयात कॅव्हेट, म्हणजे 'आधी माझं ऐका' असा अर्ज, दाखल करा. ते ९० दिवस चालतं, आणि त्या काळात तुमचं म्हणणं न ऐकता एकतर्फी मनाई सहसा निघत नाही. मुदत संपली की पुन्हा दाखल करता येतं.

दमदाटी किंवा खुणांचे दगड उपटणं असा प्रकार झाला तर पोलिसात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. बऱ्याचदा अदखलपात्र नोंद होते, पोलीस "हे दिवाणी आहे" म्हणतात. तरी तारीखवार कागद तयार होतात, आणि पुढं तेच उपयोगी पडतात. तिथल्या तिथं हमरीतुमरी करू नका. उलटी तक्रार तुमच्यावर झाली, की प्रत्येक तारखेला गाव गाठावं लागेल.

खरेदीखत झाल्यावर

सही झाली म्हणून शेजाऱ्याचं संपलं असं नाही. दस्त नोंदला की फेरफाराची नोंद तलाठ्याकडे जाते. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावात अजून भाऊसाहेबच. संबंधितांना नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात. या मुदतीत एका साध्या अर्जावर हरकत घेता येते, आणि ती आली की नोंद तक्रारी होते, सुनावणी लागते. नोंदणीकृत खरेदीखत असताना नुसत्या आकसाची हरकत सहसा टिकत नाही, पण महिने जातात, आणि तेवढे दिवस गिऱ्हाईक तुम्हाला फोन करत राहतं.

म्हणून खरेदीखताआधीच्या साठेखतातच (विक्रीच्या करारात) लिहून घ्या की फेरफाराला हरकत आल्यास सुनावणीला विक्रेता हजर राहील, खर्च कोण करेल, आणि त्या कारणावरून ठरलेली रक्कम अडवली जाणार नाही. परदेशी राहत असाल तर या सुनावणीचा अधिकार कुलमुखत्यारपत्रात स्पष्ट लिहा. नुसतं 'विक्रीचे सर्व अधिकार' असं लिहून भागत नाही. आणि असं कुलमुखत्यारपत्र तिकडं करून पाठवलं असेल तर ते भारतात आल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यायचं.

ताबा देताना नव्या मालकाला घेऊन चारही कोपऱ्यांतल्या खुणांवर उभं राहा, फोटो काढा, ताबा पावतीवर दोघांच्या सह्या घ्या. शक्य झालं तर तात्यांनाच साक्षीदार म्हणून सही करायला सांगा. बऱ्याच ठिकाणी ते करतात. नाही म्हणाले तर भाऊसाहेबांच्या कोतवालाची सही घ्या आणि गाडीत बसा.